स्टीलच्या पलीकडे: एनबीएतला पेरिमीटर डिफेन्स कसा पाहायचा

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर पझेशन्स मिळतात, म्हणजे बॉल घेऊन हल्ला चढवायच्या शंभर संधी. ४८ पैकी ३५ मिनिटं खेळणारा गार्ड (बास्केटपासून लांब खेळणारा, सहसा कमी उंचीचा खेळाडू) प्रतिस्पर्ध्याच्या अशा सत्तरएक संधींना बचावात उभा असतो. सामना संपला की त्याच्या नावापुढे दोन स्टील (हिसकावलेले बॉल), एखादा ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट), तीन-चार डिफेन्सिव्ह रिबाउंड (समोरच्याचा शॉट हुकल्यावर पकडलेले बॉल) आणि तीन फाउल दिसतात. उरलेल्या साठ-पासष्ट पझेशन्समध्ये तो काय करत होता, याचा बॉक्स स्कोअरला, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याला, पत्ता नसतो. आणि पेरिमीटर डिफेन्स, म्हणजे थ्री-पॉइंट रेषेच्या आसपासचा बचाव, बहुतांशी तिथेच होतो.

रिमजवळ, म्हणजे बास्केटच्या कड्याजवळ, उभ्या असणाऱ्या उंच खेळाडूचं त्या मानाने बरं असतं. त्याचे ब्लॉक दिसतात, त्याच्यासमोर घेतलेले शॉट मोजता येतात. पेरिमीटरवरचा माणूस मात्र जे होऊ देत नाही त्यासाठी पगार घेतो. समोरच्याला हवी ती जागा मिळाली नाही, पास दोन सेकंद उशिरा गेला, ठरवलेला डाव मोडून दुसरा काढावा लागला, हे सगळं त्याचं काम. ते पाहायला शिकावं लागतं. त्यासाठी एक प्रश्न सतत हाताशी ठेवायचा: या पझेशनमध्ये संघाने त्याला नेमकं कोणतं काम दिलं होतं, आणि ते त्याने केलं का? बॉल आत गेला की बाहेर, हा नंतरचा प्रश्न.

आकडे कुठे चकवतात

स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद एनबीएत १९७३-७४ पासून होते. स्टीलचा आकडा निरुपयोगी नाही. २०२४-२५ मध्ये अटलांटाच्या डायसन डॅनियल्सने सामन्याला सरासरी तीन स्टील केले. १९९०-९१ मधल्या अ‍ॅल्विन रॉबर्टसननंतर हे कुणाला जमलं नव्हतं, आणि असा आकडा नशिबाने येत नाही. पण वहीत दोन स्टील सारखेच दिसतात, मैदानावर ते सारखे नसतात. २०२१ च्या फायनल्समधला, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेतला, पाचवा सामना घ्या. मिलवॉकी एका पॉइंटने पुढे, जेमतेम १६ सेकंद उरलेले. फिनिक्सचा डेव्हिन बुकर पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) शिरला, अंगावर बचावपटू असल्याने वळला, आणि मदतीला सरकलेल्या मिलवॉकीच्या ज्रू हॉलिडेने बॉल त्याच्या हातातून ओढून घेतला. हा स्टील जमला नसता तरी बुकरसमोर एक माणूस उभाच होता. आता दुसरा प्रकार: बचावपटू पासिंग लेनमध्ये, म्हणजे पासच्या वाटेत, झेप घेतो, बोटं बॉलला लागत नाहीत, आणि पुढचे चार सेकंद त्याचा संघ चार विरुद्ध पाच खेळतो. अशा तीन फसलेल्या झेपांची नोंद कुठेही होत नाही, चौथी यशस्वी झाली की टाळ्या मिळतात. हातचं सोडून पळत्यामागे लागणारे काही गार्ड स्टीलच्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर राहिले आहेत.

२०१३-१४ पासून लीगच्या सगळ्या स्टेडियममध्ये ट्रॅकिंग कॅमेरे आहेत. त्यामुळे शॉट सुटताना सगळ्यांत जवळचा बचावपटू कोण आणि किती फुटांवर, हे कळतं. दोन फुटांच्या आत, दोन ते चार, चार ते सहा आणि सहाच्या पुढे असे चार गट पाडले जातात. चारपर्यंत शॉट अडवलेला, त्यापुढे मोकळा. माहिती मोलाची आहे, पण तिच्यावरून माणूस जोखताना गफलत होते. समजा, विंगवर (रेषेजवळ मैदानाच्या बाजूला) ‘अ’ला चकवून बॉल आत गेला. कॉर्नरमधला ‘ब’ आपला माणूस सोडून आडवा आला. बॉल कॉर्नरला गेला, ‘ब’ मागे पळाला, तो पाच फुटांवर असताना शॉट सुटला आणि पडला. खापर कुणावर फुटतं? ‘ब’वर. ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो ‘अ’ पंधरा फुटांवर उभा असतो आणि त्याच्या खात्यात काहीच जात नाही.

‘याच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांनी फक्त ३१ टक्के थ्री मारले’ हे वाक्य तर ऐकून सोडून द्यावं. थ्री, म्हणजे रेषेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, एकदा हातातून सुटला की बचावपटूचा त्यावर फारसा ताबा नसतो. हिशेब साधा आहे. समजा प्रतिस्पर्ध्यांची खरी अचूकता ३६ टक्के आहे आणि नमुना १०० शॉटचा आहे. तर नुसत्या योगायोगाने आकडा साधारण ३१ ते ४१ च्या दरम्यान हेलकावे खातो, आणि तीनातून एखाद्या वेळी त्याच्याही बाहेर जातो. चांगला बचावपटू शॉटची अचूकता कमी करतो त्यापेक्षा जास्त शॉटची संख्या कमी करतो. मारावासा वाटलेला आणि न मारलेला थ्री ही त्याची खरी कमाई, आणि न मारलेल्या शॉटला रकाना नाही.

बचावपटू मैदानावर असताना संघाला किती पॉइंट बसले आणि बाहेर असताना किती, हा ऑन-ऑफ आकडा जरा बरा. पण त्याच्या मागे रूडी गोबेरसारखा रिम राखणारा उभा असेल, तर सामान्य गार्डही त्यात उजळून निघतो. शिवाय संघातल्या सर्वोत्तम बचावपटूला रोज समोरचा सर्वोत्तम स्कोअरर मिळतो. ओक्लाहोमा सिटीचा लू डॉर्ट असाच. त्याच्यासमोर झालेले पॉइंट आणि कॉर्नरमध्ये लपवलेल्या गार्डसमोर झालेले पॉइंट एका तराजूत घालता येत नाहीत.

बॉल असलेल्या माणसासमोर

आधी जागा समजून घेऊ. एनबीएची थ्री-पॉइंट रेषा समोर बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवर आहे आणि कॉर्नरमध्ये २२ फुटांवर. या कमानीवर कुठेही थ्री मारू शकणाऱ्या आणि त्याच वेळी ड्रिबल करत आत घुसू शकणाऱ्या माणसाला एकट्याने थांबवणं आज जवळजवळ अशक्य आहे. त्यात २००४-०५ पासून पंचांनी हँड-चेकिंग, म्हणजे ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याची दिशा ठरवणं, कडकपणे बंद केलं. त्याआधीच्या बचावपटूंशी आजच्यांची तुलना करताना हा नियम विसरला जातो. आता दिशा पायांनी आणि छातीनेच ठरवावी लागते.

म्हणून ‘थांबवलं का’ हे विचारूच नये. ‘किती वाकडं जायला लावलं’ हे पाहावं. चांगला बचावपटू साधारण हातभर अंतरावर, गुडघ्यांत वाकून, समोरच्याच्या आवडत्या हाताच्या खांद्यासमोर नाक ठेवून उभा राहतो; अगदी मधोमध नाही. पहिल्या ड्रिबलला तो मागे नव्हे, तिरका सरकतो. हल्ला करणाऱ्याला रिमकडे सरळ रेषेत जाता आलं तर बचाव हरला. त्याला दोन-तीन ड्रिबल वळसा घालून, साइडलाइनच्या किंवा मदतनिसाच्या दिशेने जावं लागलं तर तो चकवून पुढे गेल्यासारखा दिसला तरी बचावाने बाजी मारलेली असते.

बिघडतं कुठे हे कमरेकडे पाहिलं की कळतं. खांदे फसवतात, हातही फसवतात, पण कंबर वळली की माणूस वळला. कमकुवत बचावपटू पहिल्या फसवणुकीलाच कंबर पूर्ण उघडतो, मग समोरच्याने दिशा बदलली की त्याला पाठ फिरवून गिरकी घ्यावी लागते आणि अर्धा सेकंद जातो. दुसरी खूण हातांची. पाय मागे पडले की हात पुढे येतात. पहिल्या क्वार्टरमध्ये पोटापाशी हात घालून दोन फाउल घेणारा गार्ड बहुतेक पायांनी हरत असतो. सहा फाउलला माणूस बाहेर जातो, आणि क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून समोरच्याला फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे किंमत सगळा संघ मोजतो.

घड्याळही पाहा. २४ सेकंदांपैकी ८ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. काही गार्ड समोरच्याला मागच्या कोर्टातच गाठतात, बॉल हिसकावायचा प्रयत्नही करत नाहीत, नुसते वळायला लावतात. डाव २० सेकंद शिल्लक असताना सुरू व्हायचा तो १५ ला सुरू होतो. पहिला डाव फसला तर दुसऱ्याला वेळ उरत नाही आणि घड्याळ संपताना हात वर करून काहीतरी फेकावं लागतं. त्या शॉटसमोर नाव दुसऱ्याच बचावपटूचं लागतं.

स्क्रीन: खरी परीक्षा

आजचा बहुतेक हल्ला पिक अँड रोलभोवती फिरतो. उंच खेळाडू बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, बॉल हँडलर त्याला घासून पुढे जातो. गार्डचा बचाव जोखायला एकच गोष्ट पाहायची मुभा असेल तर ही पाहावी.

सगळ्यांत सरधोपट प्रकार ड्रॉप. बचावातला उंच खेळाडू पुढे येत नाही, फ्री थ्रो लाइनच्या खाली थांबून रिम सांभाळतो. गार्डचं काम स्क्रीनच्या वरून निघून बॉल हँडलरच्या पाठीला चिकटून राहायचं. एक पझेशन सावकाश पाहू. स्क्रीन येतोय ही हाक मागून उंच खेळाडू देतो, ‘डावीकडे’. ती ऐकताच गार्ड बॉल हँडलरच्या आणखी जवळ जातो, म्हणजे दोघांत स्क्रीन घुसायला जागाच उरत नाही. नवखे इथेच उलट करतात, स्क्रीन दिसला की घाबरून मागे सरकतात आणि भिंतीला पुरेशी जागा देतात. मग गार्ड पुढचा पाय स्क्रीन लावणाऱ्याच्या पायापलीकडे टाकतो, खांदे आडवे करून अंग बारीक करतो आणि त्याच्या कमरेला कंबर घासत निसटतो. छातीवर स्क्रीन घेतला तर तो तिथेच अडकतो. निसटल्यावर तो समोर नसतो, मागे असतो, आणि ते चालतं. आता तो मागून हात वर ठेवून पळतो, त्यामुळे बॉल हँडलरला थांबून थ्री मारता येत नाही; थांबला तर मागून ब्लॉक होण्याची भीती. पुढे उंच खेळाडू, मागे गार्ड. उरतो १२ ते १६ फुटांवरचा शॉट.

आणि समजा तो शॉट पडला. समालोचक म्हणेल, गार्डला मागे टाकलं. पण संघाने हाच शॉट द्यायचा ठरवलेला असतो. ४२ टक्के अचूकतेचा दोन पॉइंटचा शॉट सरासरी ०.८४ पॉइंट देतो, ३६ टक्क्यांचा थ्री १.०८, आणि रिमखालचा ६५ टक्क्यांचा शॉट १.३. गार्ड स्क्रीनवर एक सेकंद अडकला असता तर उंच खेळाडूला पुढे यावं लागलं असतं, त्याच्या डोक्यावरून लॉब (उंच पास) गेला असता, आणि डंक (बॉल वरून रिममध्ये कोंबणं) बसल्यावर शिव्या त्या उंच खेळाडूने खाल्ल्या असत्या. डंकचं मूळ चार सेकंद आधीच्या त्या अडकण्यात असतं. रिप्ले बहुतेक फक्त डंकचा दाखवतात.

स्क्रीनच्या खालून जाणं आळशीपणाचं दिसतं, पण ज्याला बाहेरून मारता येत नाही त्याच्यासमोर तेच शहाणपणाचं. यानिस अँटेटोकून्पोसमोर बाहेर कुणी चिकटून उभं राहत नाही, मागे सरकून वाट अडवतात. त्यातही सफाई असते: एका माणसाखालून जाऊन पलीकडे वेळेत भेटायचं. दोन पावलं जास्त खाली गेलात की तो थांबतो, स्क्रीन लावणारा वळून पुन्हा स्क्रीन लावतो आणि तुम्ही रेषेपासून आठ फूट आत सापडता. स्टेफन करीसमोर खालून जाणं म्हणजे शॉट बहाल करणं.

प्रेक्षकाला सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार आइस. पिक अँड रोल साइडलाइनजवळ असला की गार्ड मुद्दाम उडी मारून बॉल हँडलर आणि स्क्रीन यांच्यामध्ये उभा राहतो आणि बेसलाइनची, म्हणजे बास्केटमागच्या रेषेची, बाजू उघडी सोडतो. तिकडे उंच खेळाडू वाट बघत असतो. टॉम थिबोडो शिकागो बुल्सचे प्रशिक्षक असताना ही पद्धत फार गाजली. ती ओळखता आली नाही तर वाटतं, गार्ड बेसलाइनला सपशेल हुकला. ओळखायची खूण त्याच्या पायांत आहे: स्क्रीन यायच्या आधीच त्याची पाठ मैदानाच्या मध्यभागाकडे झालेली असेल तर तो हुकलेला नाही, हुकूम पाळतोय. उलट, आइस पुकारलेला असताना बॉल मधोमध गेला, तर समोरच्याने शॉट हुकवला तरी त्या गार्डच्या नावावर चूक मांडावी.

स्विचमध्ये दोघे बचावपटू माणसं बदलतात. इथे गार्डचा दुसराच गुण तपासला जातो: आपल्यापेक्षा उंच माणसाला पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, रोखणं. १८ मे २०२५ ला डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीने अ‍ॅलेक्स करूसोला निकोला योकिचवर मुद्दामच लावलं. उंचीत सहा इंचांचा फरक. करूसो त्याच्या मागे उभा राहून मार खात बसला नाही. तो पुढे येऊन पासच अडवत राहिला, आणि डोक्यावरून जाणाऱ्या पाससाठी मागे मदत उभी होती. बॉल हवा तिथे मिळालाच नाही, मग उंचीचा फायदा घ्यायचा कसा? ओक्लाहोमाने तो सामना ३२ पॉइंटनी जिंकला.

बॉलपासून लांब असताना

इथे प्रेक्षकाचा डोळा मुळी जातच नाही, आणि बचावपटूची निम्म्याहून जास्त पझेशन्स इथेच जातात. एका खेळाडूचं फक्त डोकं बघा. चांगला बचावपटू दर सेकंदाला बॉल आणि आपला माणूस यांच्यावर आळीपाळीने नजर टाकतो आणि दोघंही दिसतील अशा तिरक्या कोनात उभा राहतो. वाईट बचावपटू बॉल बघत बसतो, मागून त्याचा माणूस बेसलाइनने निसटून रिमखाली उभा.

फ्री थ्रो लाइनच्या मध्याला प्रशिक्षक ‘नेल’ म्हणतात. बॉल विंगवर असला की तिथे उभा असलेला बचावपटू अख्ख्या बचावाचा बिजागर असतो. ड्रिबल आत येताना दिसला की तो एक पाऊल आणि एक हात पुढे टाकतो, घुसणाऱ्याला क्षणभर बिचकवतो, आणि पास सुटायच्या आत आपल्या माणसाकडे परततो. सगळी हालचाल एका सेकंदात. कधी कधी त्या सेकंदानेच ड्राइव्ह मरतो, पण नोंद शून्य. ही हालचाल पुरेशी केली नाही तर उपयोग नाही, आणि जास्त केली तर एका पासवर मोकळा थ्री. यात आणखी एक पक्का नियम असतो: बॉलच्या बाजूच्या कॉर्नरमधल्या शूटरला सोडून मदतीला जायचं नाही. पास छोटा, रेषा दीड-पावणेदोन फूट जवळ, आणि परतायला वेळ नाही. तरीही तिथून मदतीला धावणारा खेळाडू पडद्यावर मेहनती दिसतो आणि मघाच्या ‘ब’सारखंच खापर त्याच्यावर फुटतं, पण नियम त्याने स्वतः मोडलेला असतो, त्याला सहानुभूती देऊ नये.

दुसऱ्या बाजूच्या कॉर्नरमधला, रिमजवळ सरकलेला बचावपटू रोल करणाऱ्या (स्क्रीन लावून बास्केटकडे धावणाऱ्या) उंच खेळाडूला अंग लावून अडवतो आणि बॉल आपल्या कॉर्नरला फिरला की पुन्हा बाहेर धावतो. २००१-०२ पासून एनबीएत झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, चालतो, पण डिफेन्सिव्ह थ्री-सेकंदचा नियमही त्याच वेळी आला: कुणाच्या हातभर अंतरात नसताना पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. म्हणून हुशार खेळाडू आत पाऊल टाकतात, बाहेर काढतात, पुन्हा टाकतात. एखादा विंग खेळाडू उगाच आत-बाहेर करतोय असं वाटलं तर तो घड्याळ मोजतोय.

शूटरच्या मागे पळणं हा वेगळाच छळ. करी किंवा क्ले थॉम्पसनसारखा माणूस बॉल नसताना एका पझेशनमध्ये दोन-तीन स्क्रीनभोवती फिरतो. बचावपटूने त्याच्या कमरेला चिकटून त्याच्याच वाटेने जायचं; शॉर्टकट मारला तर शूटर उलटा मागे सरकून रेषेबाहेर मोकळा होतो. २०१८-१९ पासून धरपकडीवर शिट्टी जास्त वाजते, त्यामुळे जर्सी ओढून वेळ मारून नेता येत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये हे जमतंय का, हीच दमाची चाचणी. दमलेला बचावपटू पहिल्यांदा काय सोडतो? हात वर ठेवणं नव्हे, स्क्रीनआधी जवळ जाणं.

क्लोजआउट आणि हात

मदत करून आपल्या शूटरकडे परत धावणं म्हणजे क्लोजआउट. पंधरा-अठरा फुटांच्या धावेत पहिला दोन तृतीयांश भाग पूर्ण वेगात, मग छोटी छोटी पावलं, वजन मागे, एक हात वर. वेग कमी केला नाही तर शूटर नुसता पंप फेक (शॉटचा आव) करतो आणि बचावपटू हवेतून पलीकडे निघून जातो. वेग लवकर कमी केला तर शॉट मोकळा. समोर कोण आहे यावर पद्धत बदलते: पट्टीच्या शूटरला रेषेवरून हुसकायचं आणि ड्रिबल करायला भाग पाडायचं, शूटर नसलेल्यासमोर चार फूट आधीच थांबायचं. दोघांकडे सारख्याच जोमाने धावणारा खेळाडू मेहनती असेल, पण त्याने समोरच्याची माहिती वाचलेली नाही. उतरायच्या जागेचंही भान हवं. शूटरच्या पायाखाली पाय गेला तर फाउल आहेच, आणि २०१७-१८ पासून बेपर्वा क्लोजआउटला फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर फाउल, ठरवायची मुभा पंचांना मिळाली.

हाताबद्दल शेन बॅटिए या बचावपटूचं उदाहरण अजून दिलं जातं. कोबी ब्रायंटचा जंप शॉट ब्लॉक करता येत नाही हे मान्य करून तो बॉलकडे हात नेतच नसे; तळवा कोबीच्या डोळ्यांसमोर धरत असे. ब्लॉक शून्य, फाउलही जवळजवळ शून्य.

निकालावरून माणूस जोखला की काय होतं

१९ जून २०१६, फायनल्सचा सातवा सामना, ८९-८९. क्लीव्हलंडने जे. आर. स्मिथला स्क्रीन लावायला पाठवलं, कारण त्याच्यावर गोल्डन स्टेटचा करी होता. क्लीव्हलंडच्या काइरी अर्विंगसमोर क्ले थॉम्पसन होता. स्विच झाला आणि अर्विंगसमोर करी आला. ५३ सेकंद शिल्लक असताना अर्विंगने बाजूला सरकून करीच्या हातावरून थ्री मारला. पुढच्याच पझेशनमध्ये स्विच होऊन करीसमोर क्लीव्हलंडचा केव्हिन लव्ह आला, जो पेरिमीटरवर कधीच भरवशाचा समजला गेला नाही. करीने ड्रिबलने त्याला हलवून पाहिलं, लव्ह जागा सोडून कुठे गेला नाही, करीचा थ्री हुकला.

एक शॉट पडला, एक हुकला. बचाव म्हणून पाहिलं तर दोन्हीकडे समोरच्याला अवघड, अंगावर माणूस असलेला, ड्रिबलवरून मारलेला थ्रीच मिळाला होता. लव्हच्या त्या पझेशनची बॉक्स स्कोअरमध्ये बचाव म्हणून कुठलीच खूण नाही, आणि त्या एका पझेशनवरून तो चांगला पेरिमीटर बचावपटू ठरतही नाही. त्या दोन पझेशन्समधून शिकण्यासारखी तिसरीच गोष्ट आहे: क्लीव्हलंडने स्क्रीन लावायला कुणाला निवडलं. प्रतिस्पर्धी संघ मोसमभर फिल्म पाहून ठरवतो की कुणावर चालून जायचं. एखाद्या गार्डला सतत स्क्रीनमध्ये ओढलं जात असेल तर ते मत शंभर रकान्यांपेक्षा खरं. उलट, एखाद्याच्या माणसाला स्क्रीन लावायला कुणी बोलावतच नसेल, तर तोही एक निकालच.

पुरस्कारांकडे याच नजरेने पाहा. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार १९८२-८३ पासून दिला जातो, आणि पहिली दोन वर्षं तो सिडनी मॉन्क्रिफ या गार्डला मिळाला. पण १९९६ च्या गॅरी पेटननंतर थेट २०२२ मध्ये मार्कस स्मार्ट, मध्ये एकही गार्ड नाही. यात निव्वळ अन्याय नाही. रिम राखणारा उंच खेळाडू जवळजवळ प्रत्येक पझेशनवर परिणाम करतो, पेरिमीटरवरच्या माणसाला चुकवून हल्ला दुसरीकडे नेता येतो. ऑल-डिफेन्सिव्ह संघ २०१२-१३ पर्यंत प्रशिक्षक निवडायचे, नंतर पत्रकार. दोन्ही काळात नावलौकिक पायांपेक्षा दोन-तीन वर्षं जास्त टिकला.

स्वतः पाहताना

एका सामन्यात एकच खेळाडू निवडा आणि बॉल पूर्ण विसरा. पहिली पंचवीस-तीस बचावाची पझेशन्स पुरेत. प्रत्येकाला कागदावर तीन गोष्टी: काम काय होतं (बॉलवर, स्क्रीनमध्ये, मदतीला की शूटरच्या मागे), ते झालं का, आणि मोडलं असेल तर पहिला कोण मोडला. चौथा रकाना शॉट पडला की नाही याचा ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. हवं तर शॉट कुठून आणि घड्याळात किती असताना सुटला एवढं लिहा.

बास्केट बसलं की रिप्लेच्या आधीचे आठ सेकंद मागे जाऊन पाहा, कारण मोडतोड तिथे झालेली असते. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो, त्यामुळे कॉर्नरमधला माणूस चौकटीबाहेर राहतो; अशा पझेशनला प्रश्नचिन्ह लावून पुढे जायचं, अंदाजाने गुण द्यायचे नाहीत. ड्रॉप, आइस की स्विच, हे पहिल्या पाच-सहा पिक अँड रोलमध्ये कळलं नाही, तर उंच खेळाडू कुठे उभा राहतो ते आधी पाहून घ्या आणि मग गार्डकडे वळा. हाक देतो का हेही बघा: आवाज ऐकू येत नसला तरी बोट दाखवणारा हात दिसतो, आणि तो स्क्रीन लागायच्या आधी उठला की नंतर, यातच फरक आहे.

दुसरा सामना वेगळ्या धाटणीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा घ्या. ड्रिबलवर चालणाऱ्या संघासमोर जो भिंत वाटतो, तोच शूटर पळवणाऱ्या संघासमोर तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन पावलं मागे पडलेला सापडू शकतो. निकाल आधीच लागलेल्या चौथ्या क्वार्टरची पझेशन्स मोजणीत धरू नका. तिथे दोन्ही संघ मनापासून खेळत नसतात.